डेलची मान आणि हॉलिसचे हात

सप्टेंबरच्या सुरुवातीला डेल रासमुसेनने धाडलेल्या पत्राला हॉलिस ट्वीडीने उत्तर दिलं नव्हतं. ऑक्टोबर अर्धा सरला तरी दिलं नव्हतं. ते पत्र आठवलं की त्याच्या दोन्ही दंडांना नव्याने खाज सुटायची, निदान त्याला तसं वाटायचं. आपल्याला जे वाटतं ते खरंच तसं असतं का, याची हॉलिसला उभ्या आयुष्यात कधी खात्री नव्हती.

डेल राहायचा ओढ्यापलीकडे, जोरात हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. तरी त्याने पत्र लिहून, पाकिटाला तिकीट लावून टपालात टाकलं, कारण हॉलिस त्याचा फोन उचलत नव्हता, आणि डेल दारात आला की मागच्या खोलीत जाऊन बसत होता. गावात पोस्टमन घरोघरी फिरत नाही. ज्याने त्याने पोस्टात जाऊन आपापल्या पेटीतून टपाल काढायचं. हॉलिसने ते पाकीट पेटीसमोरच फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं.

‘मास्तर, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. पण जे बोललो ते खरं आहे. खाज तुझ्या हातांत नाही, मानेत आहे. माझी गेली ती मान दाखवूनच गेली. आयरीन ओचोआकडे जा, मी गाडीने नेतो. आणि डिसेंबरच्या मोजणीत वरचा ओढा तुझाच आहे, मी नुसता सांभाळतोय. येतोस की नाही तेवढं कळव.’

नुसता सांभाळतोय! हॉलिसला राग आला तो या शब्दांचा. ओढा सांभाळतोय आणि रोज सकाळी माझी बायको पण सांभाळतोय.

गोष्ट तशी साधी होती. दर डिसेंबरात एक दिवस गावातले पक्षीवेडे लोक डोंगराच्या वाटा आपसांत वाटून घेतात आणि दिसेल तो पक्षी मोजतात. वरचा ओढा वर्षानुवर्षं हॉलिस आणि त्याची बायको कोरीन यांचा होता. हॉलिस शाळेत भूगोल शिकवायचा, कोरीन त्याच शाळेत संगीत. लग्नानंतर त्यानेच तिला दुर्बीण धरायला शिकवलं. आणि पुढे दातांचा डॉक्टर डेल बायको वारल्यावर दवाखाना बंद करून या गावात राहायला आला, तेव्हा त्यालाही हॉलिसनेच शिकवलं. ज्या माणसाला चिमणी आणि वटवट्या यांतला फरक कळत नव्हता, त्याला हाताला धरून शिकवलं.

मग हॉलिसच्या हातांना खाज सुरू झाली. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, काही नाही. कोपरापासून खांद्यापर्यंत बाहेरच्या बाजूने कातडीखाली मुंग्यांची रांग चालल्यासारखं व्हायचं, वर निखारा ठेवल्यासारखी आगही. उन्हात वाढायची, उन्हाळा सरता सरता तर जीव नकोसा करायची. मलमं झाली, लांब बाह्यांचे सदरे झाले. कातडीच्या डॉक्टराने भिंग लावून पाहिलं आणि हात तर छान आहेत म्हणाला. बरं वाटायचं ते फक्त बर्फाने. फ्रीजरमधली गोठलेल्या मटारची पिशवी दंडाला लावून हॉलिस घरभर फिरायचा. असे सहा उन्हाळे गेले, आणि त्यातले शेवटचे दोन तर तो डोंगरावर पाऊलही न टाकता घरात बसून राहिला, आणि वरच्या ओढ्यावर कोरीनबरोबर डेल जाऊ लागला.

त्याआधी, सगळ्यात वाईट दिवसांत, एक बरी गोष्ट घडली होती. डेललाही तीच खाज सुरू झाली. हे बरं म्हणू नये, हे हॉलिसला कळत होतं. पण तो उन्हाळा दोघांनी डेलच्या गाडीच्या मागच्या फळीवर बसून, दंडाला बर्फाच्या पिशव्या बांधून काढला. काय होतंय ते समजावून सांगावं लागत नाही असा एक माणूस हॉलिसला मिळाला होता. आणि पुढच्या वसंतात डेल बरा झाला.

सहा वर्षं ज्याने सोसलं तो तसाच, आणि ज्याला जेमतेम एक उन्हाळा खाजवायला मिळाला तो मोकळा! हॉलिसला ही फसवणूकच वाटली.

वर ते ऑगस्टमधलं गावजेवण. डेल हातात मक्याचं कणीस घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, “मास्तर, अरे माझ्याकडे पेशंट यायचे. किडलेली असायची खालची दाढ आणि बोट दाखवायचे वरच्या दाढेकडे. तू तसाच! दुखणं मानेत आणि मटार हाताला!” सगळं टेबल हसलं. त्याचं काही नाही. पण कोरीनही हसली.

त्या दिवसापासून हॉलिसने डेलशी बोलणं टाकलं होतं.

ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी कोरीन थर्मासमध्ये कॉफी ओतत होती. बाहेर डेलच्या गाडीचा हॉर्न वाजला.

“येतोस?” तिने विचारलं. ती रोज विचारायची.

“हे हात घेऊन?”

“हात ठेव घरी. बाकीचा ये.”

“त्याला सांग, हॉर्न वाजवला की पक्षी उडतात.”

“आपल्या दारात कुठले पक्षी? एक तू आहेस, आणि तू काही जागचा हलत नाहीस.” तिने थर्मासचं झाकण फिरवलं. “टेबलावर अंडी ठेवलीत. मटार परत फ्रीजरमध्ये टाक, काल सिंकमध्येच राहिले होते.”

दार लागलं. हॉलिसने खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. डेलने आतून हात लांबवून तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं होतं. उन्हात त्याचा उघडा हात दिसत होता. बाही दुमडलेली, कातडी तांबूस, निरोगी. त्या हाताकडे हॉलिसने एखाद्याने दुसऱ्याच्या ताटातल्या पक्वान्नाकडे बघावं तसं पाहिलं. कोरीन आत बसताना काहीतरी म्हणाली आणि डेल मान मागे टाकून हसला. नाही, मागे नाही टाकली. डेल हल्ली मान मागे टाकतच नसे. खांदे हलवून हसायचा, एखाद्या शहाण्या घोड्यासारखा.

अंडी गार झाली. पुस्तक उघडलं, तेच पान तीनदा वाचलं. दहाच्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं की कोरीनची टोपी खुंटीवरच आहे. बिनटोपीची बाई, ॲरिझोनाचं ऊन. टोपी नेऊन द्यायलाच हवी. टोपीचं निमित्त आहे हे त्यालाही कळत होतं, पण निमित्त तरी होतं.

ओढ्याच्या तोंडाशी डेलची गाडी उभी होती. हॉलिस बाह्या खाली ओढून, सावली शोधत वर चालू लागला. दुसऱ्या वळणावर मोठी सिकॅमोरची झाडं आहेत, तिथे त्याला आधी पाय दिसले. चार पाय. दोन डेलचे, मोठ्या बुटांतले, आणि शेजारी कोरीनचे तपकिरी बूट. दोघं झाडाखाली चटयांवर उताणी पडली होती. डोकी इतकी जवळ होती की मध्ये फार तर थर्मास मावला असता. डेल काहीतरी कुजबुजला आणि कोरीन तोंड दाबून हसली.

चाळीसेक वर्षांच्या संसारात हॉलिसने बायकोवर कधी आवाज चढवला नव्हता. आता चढवायला तोंड उघडलं.

“हे काय चाललंय?”

“शूऽऽ!” दोघं एकदम म्हणाली. मागे वळून कुणी पाहिलंही नाही.

“वर,” कोरीन कुजबुजली. “नर आहे.”

वरून घोगरा आवाज आला, बेडकाने खोकावं तसा. ट्रोगन! हिरव्या पाठीचा, लालभडक पोटाचा. दोन वर्षांत हॉलिसने तो पाहिला नव्हता. राग तसाच हातात राहिला आणि मान आपोआप मागे गेली, पार मागे, कॉलरवर टेकली. पानांच्या झुबक्यात कुठेतरी लाल हललं. ते नीट दिसण्याआधीच दोन्ही दंडांत आग उसळली. त्याने कोरीनच्या टोपीने हात घासायला सुरुवात केली.

कोरीन उठली. “झोप इथे.”

“मी? याच्या शेजारी?”

“मग माझ्या मांडीवर झोपतोस का? झोप लवकर, उडून जाईल.”

तो झोपला. चटई कोरीनच्या पाठीने ऊबदार झाली होती, आणि ती ऊब डेलच्या इतक्या जवळ होती, हे त्याला फार लागलं.

“उजवीकडची जाड फांदी,” डेल हळूच म्हणाला. “पाठमोरा आहे.”

“दिसतोय मला. पाठमोरा नाही, बाजूला वळलाय.”

“बरं, मास्तर.”

पक्षी सावकाश वळला. पोटाचा लाल रंग उन्हात पेटल्यासारखा झाला. हॉलिस किती वेळ बघत राहिला कुणास ठाऊक. पक्षी उडाल्यावर तो हातांकडे वळला, म्हणजे मनाने. आग कुठे गेली? होती, पण राखेखाली गेल्यासारखी. त्याने वाट पाहिली. डोकं जमिनीवर टेकलेलं, मान सरळ, हात कडेला पडलेले. बर्फ नाही, काही नाही, आणि तरी आग वर येत नव्हती.

डेल गप्प होता. बघ, मी म्हणालो नव्हतो? असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता आणि तो म्हणाला नाही. त्याचं हे गप्प बसणं हॉलिसला त्या गावजेवणाच्या हसण्यापेक्षा जड गेलं. तो उठला, टोपी बायकोच्या हातात दिली आणि खाली उतरला.

पुढच्या मंगळवारी त्याने कोरीनला सांगितलं की तो तालुक्याच्या लायब्ररीत जातोय. तो गेला आयरीन ओचोआकडे. पन्नाशीची, ठेंगणी, दंडात ताकद असलेली बाई होती. व्यायामाने दुखणी बरी करणं हा तिचा धंदा. तिने आधी त्याला डॉक्टरकडे पाठवून मानेचा एक्स-रे काढून आणायला लावला. मानेच्या खालच्या मणक्यांमधली फट कमी झाली होती. तिथून निघणाऱ्या नसा हातापर्यंत जातात.

“पक्षी बघताना कसे उभे राहता, दाखवा.”

हॉलिसने दुर्बिणीचा पट्टा मानेत अडकवला आणि छताकडे मान टाकली.

“असे किती वेळ?”

“ऐन मोसमात... सकाळभर.”

“आणि किती वर्षं?”

तो ओशाळून हसला. तिने मानेच्या एका बाजूला बोट दाबलं, आणि दंडावरची मुंग्यांची रांग तिने हाक मारल्यासारखी चालू लागली. हॉलिसच्या तोंडून आवाज गेला.

“नळी चिमटलीय इथे आणि फवारा उडतोय तिथे,” ती म्हणाली. “हनुवटी मागे घ्या. वर नाही, मागे. दाराला डोकं टेकवल्यासारखी. आता खांदे खाली. पट्टा मानेवर नको, पाठीवरून खांद्यांवर येणारा पट्टा मिळतो तो घ्या.”

“तो घोड्याचा साज?” पूर्वी तो पट्टा लावून येणाऱ्यांना हॉलिस मनातल्या मनात हसायचा.

“घोड्यांना खाज सुटलेली मी पाहिली नाही. आणि वर बघायचं असेल तर झोपून बघा, उभ्याने नाही.”

दाराशी पोचल्यावर त्याला राहवलं नाही. “डॉक्टर रासमुसेनना किती दिवसांत बरं वाटलं होतं?”

“दुसऱ्याच्या मानेबद्दल मी बोलत नाही, मिस्टर ट्वीडी.”

“नाही, सहज विचारलं.”

“सहज विचारणारे सगळे हेच विचारतात.”

डॉक्टराने झोपताना घ्यायची गोळी दिली होती. हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम हॉलिस न्हाणीघरात कडी लावून करायचा. पहिले काही दिवस काहीच झालं नाही, तेव्हा त्याला थोडं समाधानही वाटलं. म्हणजे डेल चुकलाच होता. मग नोव्हेंबरातल्या एका दुपारी तो पुस्तकातून बाहेर आला आणि त्याच्या लक्षात आलं की जेवणापासून आत्तापर्यंत त्याला आपल्याला हात आहेत याची आठवणच झाली नव्हती. तो तसाच बसून राहिला. डोळ्यांत पाणी आलं. उठून कोरीनला हाक मारणार होता, इतक्यात मनात आलं, ही हे डेलला सांगणार.

आणि डेल काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही! तसाच गप्प, समंजस हसेल. कोरीन त्याच्याकडे कौतुकाने बघेल. दोघं मिळून हॉलिसला बरं केल्याचा आनंद करतील.

त्याने फ्रीजर उघडला आणि मटारची पिशवी काढून दंडाला लावली.

पुढे काही दिवस असं चाललं. खाज अधूनमधून यायची, उन्हात गेलं तर जरा जास्त, पण ती आता येणारी-जाणारी पाहुणी होती, घरची नव्हती. तरी कोरीन खोलीत आली की हॉलिसच्या दंडाला मटार असायचे. बायकोसमोर तो कण्हतही होता. एकदा कण्हल्यावर त्याचीच त्याला इतकी लाज वाटली की तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. सकाळी डेलचा हॉर्न वाजायचा आणि बरा झालेला माणूस पडद्याआडून आजाऱ्यासारखा बघत राहायचा.

गुरुवारी दुपारी कोरीन स्वयंपाकघरातून आली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

“कुठला हात खाजतोय?”

“हा.”

“सकाळी तो होता.”

“दोन्ही खाजतात.”

“हॉलिस, पिशवीतून पाणी गळतंय तुझ्या मांडीवर. मटार कधीचे वितळलेत. आता त्यांची उसळ होईल.”

त्याने पिशवीकडे पाहिलं. खरंच, पँट ओली झाली होती.

“दोन आठवडे झाले, झोपेत तू खाजवत नाहीस,” ती म्हणाली. “पूर्वी पलंग हलायचा. लायब्ररीतून तू एकही पुस्तक आणलं नाहीस. तू, लायब्ररीतून, रिकाम्या हाताने! मला वाटलं आज सांगशील, उद्या सांगशील. मला सांगणार होतास की नाही?”

“सांगणार होतो.”

“कधी? डेल मेल्यावर?”

हॉलिसने ओली पँट झटकली. मग म्हणाला, “तुला त्याच्याबरोबर जायला आवडतं.”

“आवडतं. बडबड्या आहे, पण हसवतो. घरी कुणी वाट बघत नाही त्याची.” ती थांबली. “पण परवा एक वटवट्या दिसला. डेल म्हणाला पिवळ्या घशाचा. मी हो म्हणाले. मला खात्री नव्हती, त्यालाही नव्हती. दोघांनी एकमेकांना हो म्हणून टाकलं आणि पुढे गेलो. दिवसभर मला कसंसंच होत होतं. तू असतास तर तासभर आम्हाला तिथेच बसवून छळलं असतंस.”

“शेपटीखाली पांढरं होतं का?”

“तेच! तेच बघितलं नाही आम्ही.”

हॉलिसने पिशवी खाली ठेवली.

“शनिवारी संध्याकाळपर्यंत मोजणीची नावं द्यायची आहेत,” कोरीन म्हणाली. “वरचा ओढा डेल आणि मी, असं देणार आहे मी. त्याला मी सोडणार नाही, आधीच सांगते. तुला यायचं असेल तर तिघांचं नाव देईन. पण त्याने तुला विचारलंय, मी नाही. उत्तर त्याला दे. माझ्या तोंडून निरोप पाठवायचा नाही.”

“आता इतक्या उशिरा काय लिहू?”

“ते तू ठरव. शाळेत पोरांचे निबंध तपासायचास ना? तीन ओळींवर गेलास तर मीच लाल शाई लावीन.”

ती निघून गेली. हॉलिस टेबलाशी बसला. पहिल्या कागदावर त्याने मानेच्या नसांबद्दल लिहिलं आणि ही शक्यता आपल्यालाही पूर्वी सुचली होती असं सुचवलं. ते खोटं होतं, फाडलं. दुसऱ्यावर सहा वर्षांचा हिशेब मांडला. डेलला एकाच उन्हाळ्यात सुटका कशी मिळाली याचं त्यात आश्चर्य होतं, आणि वाचताना ते आश्चर्य वाटत नव्हतं, तक्रार वाटत होती. तोही फाडला. तिसऱ्यात आभार इतके होते की डेल मोठ्याने वाचून दाखवील अशी भीती वाटली. शुक्रवारी दुपारी जेवण तसंच टाकून त्याने चौथा कागद घेतला.

‘डेल, खाज मानेतच होती. तुझं बरोबर होतं. मोजणीला मी येतो, तिघं जाऊ. तो पिवळ्या घशाचा नसावा. हॉलिस.’

शेवटचं वाक्य काढावं का, यावर तो बराच वेळ अडला. काढलं नाही.

पोस्टात बर्नाडेट काउंटरमागे बसली होती, आणि पेट्यांसमोर डेल रासमुसेन आपलं टपाल काढत होता. हॉलिस दारातच थबकला. परत फिरावं असं वाटलं, पण बर्नाडेटने हाक मारली होती.

“या या, मिस्टर ट्वीडी! आज बऱ्याच दिवसांनी उन्हात?”

“एक तिकीट.”

तिने पाकिटावरचं नाव वाचलं, मग डेलकडे पाहिलं, मग परत पाकिटाकडे. “अहो, हे तर इथेच उभे आहेत! हातात द्या की. तिकीट कशाला वाया घालवता?”

डेल वळला. त्याची नजर पाकिटावर गेली, तिथून हॉलिसच्या पाठीवरून खांद्यांवर आलेल्या दुर्बिणीच्या नव्या पट्ट्यावर. ओठ हलले. हॉलिस वाट बघत होता, आता येईल काहीतरी, दाढ, मटार, घोडा, काहीही.

“मला आहे का ते, मास्तर?” डेल एवढंच म्हणाला.

“उद्या तुझ्या पेटीत येईल.”

“सांगून टाक ना. हो की नाही?”

“टपालाने कळेल.”

“उद्या शनिवार आहे, मी बाराच्या आधी येतो,” डेल बर्नाडेटला म्हणाला. “लवकर उघडा.”

हॉलिसने जिभेने तिकीट ओलं करायचं म्हणून उचललं. हल्लीची तिकिटं चिकटच असतात हे त्याच्या उशिरा लक्षात आलं, आणि बर्नाडेट हसली. त्याचे कान लाल झाले. तिकीट जरा तिरकं लागलं. भिंतीतल्या टपाल टाकायच्या फटीपाशी जाऊन त्याने पाकीट अर्धं आत सरकवलं आणि बोटांत धरून ठेवलं. मागे डेल उभा होता, बाही दुमडून, त्या तांबूस, निरोगी हातात आपलं टपाल धरून. हॉलिसला अजूनही त्या हाताचा हेवा वाटत होता. त्याने बोटं सोडली आणि पाकीट आत पडलं.